औषध आणि त्याचा मार्ग : प्रस्तावना

आपल्याकडे औषधांची एक न लिहिलेली उतरंड आहे. तळाला गोळी, तिच्यावर सुई आणि सगळ्यांच्या डोक्यावर सलाईनची बाटली. तालुक्याच्या कुठल्याही दवाखान्यात बाकावर थोडा वेळ बसले तरी ती कानावर पडते. ‘गोळ्यांनी काही उतार नाही, एक सुई मारा.’ ‘अंगात त्राणच नाही, बाटली लावून टाका.’ मागणारा असे मागतो. देणाऱ्याला नाही म्हणायचे तर समजावत बसावे लागते आणि रुग्ण शेजारच्या दवाखान्यात जाण्याची धास्ती असते. त्यामुळे उतरंड पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे.

त्या बाटलीत असते तरी काय? अर्धा लिटर नॉर्मल सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असते, बाकी सगळे निर्जंतुक पाणी. पाच टक्क्यांच्या डेक्स्ट्रोजची तेवढीच बाटली घेतली तर तिच्यात २५ ग्रॅम ग्लुकोज असते. ज्याला तोंडाने खातापिता येते त्याला यातून मिळणारी शक्ती ग्लासभर गोड सरबतापेक्षा फारशी जास्त नाही. पण कॉलऱ्याने पार सुकून गेलेल्या, डेंग्यूत रक्तदाब कोसळलेल्या किंवा शुद्ध हरपलेल्या रुग्णाचा जीव हीच बाटली वाचवते. म्हणजे बाटली चांगली की वाईट हा प्रश्नच चुकीचा आहे. कुणाला, कशासाठी आणि दुसरी वाट मोकळी असताना का, हे खरे प्रश्न आहेत.

या पुस्तकाला एकच गोष्ट सांगायची आहे : मार्ग हा औषधाचाच एक भाग आहे. औषधाचे नाव बरोबर, मात्रा बरोबर, पण ते चुकीच्या वाटेने किंवा चुकीच्या वेळी गेले तर ते वाया जाते, कधी अपाय करते. ही वाट ठरते ती औषधाच्या रासायनिक स्वभावावरून आणि आजाराच्या जागेवरून. रुग्णाच्या हट्टाला किंवा औषधाच्या ‘भारीपणा’ला तिथे काही काम नसते.

याचा सगळ्यात ठसठशीत पुरावा दवाखान्यातला नाही, जंगलातला आहे. दक्षिण अमेरिकेत ओरिनोको आणि ॲमेझॉनच्या खोऱ्यांतले शिकारी बाणाच्या टोकाला कुरारे नावाचे वनस्पतिज विष लावत. बाण लागला की जनावराचे स्नायू लुळे पडत, श्वास थांबे. आणि मग तेच जनावर शिकारी भाजून खात. त्यांना काहीही होत नसे. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट याने १८०० साली ओरिनोकोकाठी एस्मेराल्डा या वस्तीत हे विष तयार होताना पाहिले आणि चाखूनही पाहिले. तोंडात किंवा हिरड्यांना जखम नसेल तर ते गिळायला हरकत नाही, अशी नोंद त्याने करून ठेवली. कारण पुढे उलगडले. कुरारेच्या रेणूवर कायमचा विद्युतभार असतो, म्हणून तो आतड्याचे अस्तर ओलांडून रक्तात जवळपास जातच नाही; जखमेतून मात्र थेट जातो. एकोणिसाव्या शतकात क्लोद बेर्नार याने फ्रान्समध्ये बेडकांवर प्रयोग करून ते नस आणि स्नायू यांच्या सांध्यावर घाला घालते हे दाखवले. १९४२ साली मॉन्ट्रियलमध्ये हॅरॉल्ड ग्रिफिथ यांनी याच कुरारेचा शुद्ध अर्क शिरेतून देऊन शस्त्रक्रियेसाठी स्नायू सैल करून दाखवले, आणि भूलशास्त्राचा एक नवा अध्याय सुरू झाला. पोटातून निरुपद्रवी, जखमेतून मारक, जाणत्या हातांनी शिरेतून दिले तर उपकारक : पदार्थ एकच.

फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधशास्त्र, दोन बाजूंनी अभ्यासले जाते. औषध शरीराला काय करते ही एक बाजू. शरीर औषधाला काय करते ही दुसरी : ते कसे शोषते, कुठे कुठे पोहोचवते, त्याचे रूपांतर कसे करते आणि त्याला बाहेर कसे टाकते. सामान्य वाचकाला पहिल्या बाजूची थोडीफार माहिती असते, कारण ‘ही गोळी कशाची’ हे तो विचारतो. दुसऱ्या बाजूकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. या पुस्तकात म्हणून तीन विषय निवडले आहेत : औषधांचे वर्गीकरण, ती देण्याचे मार्ग आणि त्यांचे शोषण. रुग्णाच्या, त्याच्या घरच्यांच्या आणि परिचारिकेच्या हातात जे खरोखर असते ते या तिन्हींत येते.

वर्गीकरणापासून सुरुवात करू. ही खटपट आपल्याला नवी नाही. चरकसंहितेत द्रव्यांची विभागणी प्राणिज, वनस्पतिज आणि खनिज अशी, म्हणजे जांगम, औद्भिद आणि पार्थिव अशी केलेली आहे. त्याच ग्रंथात कार्यानुसार केलेले पन्नास महाकषायही आहेत : ज्वरहर, कासहर, श्वासहर असे गट, प्रत्येकात दहा द्रव्ये. द्रव्य कुठून आले आणि ते काय करते, या दोन्ही कसोट्या आजही चालतात. तिसरी, ‘ते कसे करते’, ही गेल्या दीडशे वर्षांत तयार झाली.

‘कुठून आले’ या कसोटीवर महाराष्ट्राला सांगण्यासारखे बरेच आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर सर्पगंधेचा अभ्यास केला आणि १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये तो प्रसिद्ध केला. भारतीय वैद्यांना जुनी असलेली ही मुळी त्यानंतर जगभर गेली. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसरपिन वेगळे काढले गेले आणि १९५७ मध्ये डॉ. वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. तिथे डॉ. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशीवर चालणारे हॅमायसिन शोधले. ते तयार करणाऱ्या मातीतल्या जिवाणूचे नाव ‘स्ट्रेप्टोमायसेस पिंपरीना’. गावाचे नाव असे शास्त्रात कायमचे कोरले गेले आहे.

पण औषध वनस्पतीतले की मातीतले, हे कळून रुग्णावर इलाज करता येत नाही. तिथे ‘ते कसे काम करते’ हे कळावे लागते. याचे उदाहरण कोकणातले आहे आणि ते प्रत्येक मराठी वाचकाला माहीत असायला हवे. लाल विंचू चावला की त्याच्या विषाने शरीरातल्या नसांच्या टोकांतून ॲड्रिनॅलिनच्या जातीची रसायने लोटच्या लोट बाहेर पडतात. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो, हृदय थकते, फुप्फुसांत पाणी भरते आणि रुग्ण, बहुधा लहान मूल, दगावतो. महाडला काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या साखळीचा बारकाईने अभ्यास केला आणि प्रश्न वेगळ्या बाजूने मांडला : ज्या ग्राहींवर (रिसेप्टर्सवर) ही रसायने बसतात ते ग्राही आपल्याला अडवता येतील का? अडवणारे औषध बाजारात होतेच. प्रॅझोसिन हे रक्तदाबाचे औषध म्हणून ओळखले जाई; ते नेमके तेच ग्राही अडवते. बावस्करांनी विंचूदंशावर ते वापरले आणि १९८०च्या दशकात ‘लॅन्सेट’मधून जगापुढे ठेवले. गंभीर दंशात शंभरातले २५-३० रुग्ण जिथे जात, तिथे ते प्रमाण चार-पाचाच्या आत आले. ‘रक्तदाबाची गोळी’ या पाटीवर जो अडकून राहिला असता त्याला हे सुचलेच नसते. आणि उतरंडीच्या संदर्भात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी : मरणाच्या दारातल्या रुग्णाला वाचवणारे हे औषध इंजेक्शन नाही, तोंडाने द्यायची साधी गोळी आहे.

म्हणूनच एकच औषध अनेक खणांत असू शकते. जागतिक आरोग्य संघटना जी वर्गीकरणाची पद्धत वापरते, तिच्यात १४ मुख्य गट आणि पाच पायऱ्या आहेत. तिच्यात ॲस्पिरिन एका ठिकाणी वेदनाशामक म्हणून, दुसऱ्या ठिकाणी रक्ताची गुठळी रोखणारे म्हणून, तर तिसऱ्या ठिकाणी तोंडात लावायच्या औषधांत नोंदलेले आहे. हृदयविकारानंतर रोज घ्यायची ७५ मिलिग्रॅमची गोळी आणि डोकेदुखीवरची ३००-६०० मिलिग्रॅमची मात्रा यांत औषध तेच, काम मात्र निराळे. ‘डोकं दुखत नाही, मग ही गोळी कशाला’ असे म्हणून बायपास झालेले आजोबा ती परस्पर बंद करतात, तेव्हा चूक त्यांची नसते. त्यांना खण कुणी समजावून सांगितलेला नसतो.

वाचकाच्या उपयोगाचे आणखी एक वर्गीकरण गोळीच्या पाकिटावरच छापलेले असते, फक्त ते वाचायची सवय नसते. घरातली कुठलीही पट्टी उजेडात धरा. एक कंपनीने दिलेले नाव असते. दुसरे औषधाचे खरे नाव, पुढे ‘आयपी’, म्हणजे इंडियन फार्माकोपियाच्या दर्जाप्रमाणे, आणि मिलिग्रॅममधली मात्रा. या खऱ्या नावांना जागतिक आरोग्य संघटनेने १९५० च्या दशकापासून शिस्त लावली आहे. शेवट ‘सार्टन’ असेल, जसे टेल्मिसार्टन किंवा लोसार्टन, तर रक्तदाबाच्या एका कुळातले. ‘ओलोल’ असेल, जसे मेटोप्रोलोल, तर दुसऱ्या कुळातले. ‘स्टॅटिन’ कोलेस्टेरॉलचे, ‘प्राझोल’ आम्लपित्ताचे, ‘ग्लिप्टिन’ मधुमेहाचे. दोन डॉक्टरांनी दोन वेगवेगळ्या कंपन्यांची नावे लिहून दिली आणि दोन्हींच्या पोटात टेल्मिसार्टनच असले, तर पट्टी वाचणाऱ्या सुनेच्या ते लगेच लक्षात येते आणि सासऱ्यांचा रक्तदाब धाडकन उतरण्याचा प्रसंग टळतो.

पॅरासिटामॉलच्या बाबतीत ही दक्षता फार महत्त्वाची. तापाची गोळी, सर्दीची गोळी आणि अंगदुखीची गोळी ही तीन वेगळी पाकिटे असतात. तिन्हींत पॅरासिटामॉल असू शकते. निरोगी प्रौढाने दिवसभरात चार ग्रॅमच्या पुढे जाऊ नये. ६५० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्यांतच ती मर्यादा जवळजवळ गाठली जाते. त्यापलीकडे यकृताला धोका आहे आणि दारू पिणाऱ्याला तो त्याच्याही आधी सुरू होतो.

कायद्याचेही एक वर्गीकरण आहे. १९४० चा औषध कायदा आणि १९४५ चे नियम यांनी औषधांच्या अनुसूची केल्या. ‘एच’ अनुसूचीतले औषध चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. ‘एच-वन’मधल्या औषधांची, त्यात अनेक प्रगत प्रतिजैविके आणि क्षयाची औषधे येतात, दुकानदाराला वेगळी नोंदवही ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते. प्रतिजैविकांच्या पट्टीवरची उभी लाल रेघ याच काळजीची खूण आहे. मेडिकलवाला ओळखीचा आहे म्हणून ती रेघ पुसली जात नाही.

आता मार्ग. तोंडाचा मार्ग सगळ्यात सोयीचा, स्वस्त आणि सुरक्षित, कारण चूक झाली तर ती सुधारायला थोडा वेळ मिळतो. शिरेतून दिलेले औषध शंभर टक्के रक्तात जाते आणि तत्काळ जाते. त्यातली चूकही तितक्याच तत्काळ भिनते. आधुनिक सुईचा इतिहासच एका गैरसमजाने सुरू होतो. एडिंबराच्या अलेक्झांडर वुड याने १८५३ च्या सुमारास मज्जातंतूच्या वेदनेवर मॉर्फिन कातडीखाली टोचले. जिथे दुखते तिथेच टोचले पाहिजे, असे त्याचे मत होते. लंडनच्या चार्ल्स हंटर याने दूरच्या जागी टोचूनही तोच गुण येतो हे दाखवले. औषध रक्तातून फिरते, सुई फक्त दार उघडते. आजही गुडघा दुखतो म्हणून कंबरेतल्या सुईवर अविश्वास दाखवणारे रुग्ण भेटतात. हंटरचे उत्तर त्यांच्यासाठी अजून ताजे आहे.

मग सुई लागतेच कधी? जेव्हा औषध आतड्यातून शोषले जात नाही किंवा पोटात नष्ट होते तेव्हा. रुग्ण गिळू शकत नाही किंवा सारखा उलट्या करतो तेव्हा. आणि मिनिटांचा प्रश्न असतो तेव्हा. इन्सुलिन हे प्रथिन आहे, पोटात गेले तर डाळीसारखे पचून जाईल. म्हणून १९२२ साली पहिल्या रुग्णाला दिले तेव्हापासून ते बहुधा टोचूनच दिले जाते. कातडीखाली टोचतानाही जागेला महत्त्व आहे : पोटावर ते लवकर शोषले जाते, मांडीत सावकाश. रोज एकाच बोटभर जागेत टोचत राहिले तर तिथे चरबीची गाठ तयार होते आणि गाठीतले इन्सुलिन कधी शोषले जाईल याचा भरवसा उरत नाही. साखर ‘उगाचच’ वर-खाली होणाऱ्या रुग्णाची मात्रा वाढवण्याआधी त्याच्या पोटावरून एकदा हात फिरवून पाहावा.

गडचिरोलीचे उदाहरण याहून मोठे आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बाळांच्या जंतुसंसर्गावर घरीच उपचार करण्याचा प्रयोग १९९० च्या दशकात केला. गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. उपचारातले एक औषध तोंडाने देता येत होते. दुसरे होते जेंटामायसिन, आणि जेंटामायसिन आतड्यातून रक्तात जातच नाही. ते पाजून भागणारे नव्हते. तेव्हा फारशा शाळा न शिकलेल्या बायकांना तान्ह्या बाळाच्या मांडीत सुई द्यायला शिकवावे लागले, त्या ते शिकल्या आणि त्यांनी ते निर्धोकपणे पार पाडले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने या गावांतला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला. इथे सुई रुग्णाने मागितली म्हणून किंवा डॉक्टरला सोयीची म्हणून आली नाही. रेणूचा स्वभावच तसा होता.

याच्या उलट गोष्ट दम्याची. ‘पंप लागला की सुटत नाही, गोळ्या बऱ्या’ हा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. हिशेब करून पाहा. साल्ब्युटामॉलची गोळी चार मिलिग्रॅमची असते. पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे दोन दाबांत गोळीच्या विसाव्या भागाइतके औषध. ते थेट श्वासनलिकेत पडते, काही मिनिटांत गुण येतो आणि गोळीने होणारी हातांची थरथर, छातीची धडधड बरीच कमी होते. गोळी मात्र छातीत पोहोचण्यासाठी सगळे शरीर फिरून येते. स्टेरॉइडच्या पंपाचेही तेच. वापरल्यावर चूळ भरून टाकली आणि लहान मुलांना स्पेसर लावला की काम नीट होते. आजार जिथे आहे तिथेच औषध सोडणे हा सगळ्यात शहाणपणाचा मार्ग आहे आणि आपण त्यालाच सगळ्यात जास्त भितो.

कातडीबद्दल आपण नेमके उलटे वागतो. मलमाला कुणी भीतच नाही. ‘वरूनच तर लावायचंय’ म्हणून गजकर्णावर आणि चेहरा उजळ व्हावा म्हणून कडक स्टेरॉइडची मलमे सर्रास चोळली जातात. कातडी सगळीकडे सारखी नसते. हायड्रोकॉर्टिसोनच्या शोषणाची तुलना १९६७ साली प्रसिद्ध झाली. हाताच्या कोपराखालच्या भागाच्या मानाने ते कपाळातून सहापट, जबड्याजवळच्या कातडीतून तेरापट आणि वृषणाच्या कातडीतून चाळीसपटीहून जास्त शोषले गेले. गजकर्ण बहुधा जांघेतच होते, हे लक्षात घेतले की या आकड्यांचा अर्थ कळतो. २०१८ साली अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकायला सरकारने बंदी घातली. दुकानातली परिस्थिती बदलायला अजून वेळ आहे.

तिसरा विषय शोषण. गोळी गिळली की ती जठरात विरघळते. जठर आम्लाचे, पुढचे लहान आतडे जवळजवळ तटस्थ. पुस्तकी नियम असा की आम्लधर्मी औषध आम्लात विद्युतभार न घेता राहते आणि पेशींच्या स्निग्ध पडद्यातून सहज पार होते. त्यामुळे ॲस्पिरिन जठरातच शोषले जायला हवे. थोडे जातेही. पण बहुतेक सारे शोषले जाते लहान आतड्यातच, कारण घड्या आणि सूक्ष्म केसरांमुळे तिथला पृष्ठभाग जठराच्या कितीतरी पट मोठा असतो. परीक्षेला बसणारे विद्यार्थी नियम पाठ करतात आणि क्षेत्रफळ विसरतात, म्हणून या पुस्तकात दोन्ही एकाच प्रकरणात दिले आहेत.

आतड्यातून शोषलेले औषध लगेच सर्व शरीराला मिळत नाही. तिथले रक्त आधी यकृतात जाते आणि यकृत जकात नाक्यासारखे आपला वाटा कापून घेते. प्रोप्रॅनोलॉल गिळले तर सुमारे चौथाई भागच पुढे जातो. नायट्रोग्लिसरिन गिळले तर जवळपास सगळे नाक्यावरच संपते. छातीत कळ आल्यावर गोळी जिभेखाली ठेवायला सांगतात ती याचसाठी. जिभेखालच्या शिरांतले रक्त यकृताला वगळून हृदयाकडे जाते. ती गोळी घाईत पाण्याबरोबर गिळणे म्हणजे ऐन वेळी मिनिटे घालवणे. घरात असा रुग्ण असेल तर हे वाक्य घरातल्या सगळ्यांना ठाऊक हवे. गोळी ठेवताना रुग्णाला बसवावे, कारण तिने रक्तदाब उतरतो.

जेवणाशी औषधाचे नाते हा घरोघरी रोज भेटणारा विषय. आयुर्वेदात अनुपानाला आणि औषध घेण्याच्या वेळेला मोठे स्थान आहे. आधुनिक औषधांनाही ते आहे. आपण ते ‘जेवणाआधी’ आणि ‘जेवणानंतर’ या दोन शब्दांत गुंडाळून टाकतो. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा-नाश्त्याला अर्धा ते एक तास थांबायचे. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास लांब ठेवायच्या. टेट्रासायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन दुधातल्या कॅल्शियमशी बांधली जातात, म्हणून ‘कडक औषध आहे, दुधाबरोबर घे’ हा घरचा सल्ला तिथे घातक ठरतो. रक्तवाढीची गोळी चहाबरोबर घेतली तर लोह चहातल्या द्रव्यांत अडकते. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर जास्त मिळते. हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायचे ॲलेंड्रोनेट उपाशीपोटी घेऊनही शंभरातला एक भाग रक्तात जात नाही. न्याहारीबरोबर घेतले तर तेवढेही जात नाही. ती गोळी ग्लासभर पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास आडवे व्हायचे नाही, कारण अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते.

गोळीचे आवरणही उगाच नसते. पँटोप्राझोल जठराच्या आम्लात नष्ट होते, म्हणून त्याला आतड्यात विरघळणारे कवच दिलेले असते. ‘एसआर’ किंवा ‘ईआर’ लिहिलेली गोळी दिवसभर थोडे थोडे औषध सोडते. म्हाताऱ्या माणसाला गिळवत नाही म्हणून अशी गोळी खलबत्त्यात कुटून दिली की दिवसभराची मात्रा एकदम अंगावर येते. कुटण्याआधी फार्मासिस्टला विचारावे. बहुतेक वेळा त्याच औषधाचे पातळ किंवा विरघळणारे रूप मिळते.

औषध ज्यात विरघळवलेले असते ते द्रव्यही शरीरात जाते, हे विसरून चालत नाही. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड हे चांगले औषध डायएथिलीन ग्लायकोलमध्ये विरघळवून विकले गेले आणि शंभरावर माणसे मेली. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच रसायनाने दूषित ग्लिसरीनने १४ रुग्णांचा बळी घेतला, न्या. लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. २०२५ साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या पातळ औषधातून तेच रसायन लहान मुलांच्या पोटात गेले. त्यांतल्या अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणले होते. अठ्ठ्याऐंशी वर्षांत रसायन बदलले नाही, तपासणीतली ढिलाईही बदलली नाही.

उतरंडीला दिलेले सगळ्यात समर्पक उत्तर शोषणाच्याच प्रकरणात आहे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत कॉलरा पसरला. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा यांचे पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्या हाती दिले आणि रुग्णांना पाजायला सांगितले. त्यामागे शास्त्र होते : जुलाबात नुसते मीठ आतडे घेत नाही, ग्लुकोज सोबत असले की दोन्ही एकाच वाहकावरून आत जातात आणि पाठोपाठ पाणी जाते. छावणीतला मृत्युदर ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आला. १९७८ साली ‘लॅन्सेट’ने या शोधाला शतकातली कदाचित सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हटले. शुद्धीवर असलेल्या, पिऊ शकणाऱ्या रुग्णाला ओआरएसचे पाकीट लिटरभर पाण्यात कालवून देणे हा सलाईनला काढलेला स्वस्त पर्याय नाही. आतड्याची वाट उघडी असेल तर तोच योग्य उपचार आहे. अर्धे पाकीट अंदाजाने पेल्यात टाकले तर मात्र हे गणित मोडते.

मराठीत या विषयावर लिहिणारे पूर्वसूरी आहेत. केईएममध्ये औषधशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. शरदिनी डहाणूकरांनी वनस्पतींवर आणि औषधांवर रसाळ मराठी लिहिले. डॉ. श्याम अष्टेकरांच्या ‘भारतवैद्यक’ने गावोगावच्या आरोग्यसेवकांच्या हाती मराठीतले वैद्यक दिले. हे पुस्तक त्याच वाटेवरचे, आकाराने लहान आणि विषयाने मर्यादित आहे. ते आशाताईंसाठी, परिचर्या आणि फार्मसीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी आणि घरात कुणाची तरी औषधे सांभाळणाऱ्या प्रत्येकासाठी आहे. औषधांची खरी नावे वापरली आहेत, कंपन्यांची नाहीत. मात्रा उदाहरणापुरत्या दिल्या आहेत. त्या वाचून स्वतःवर किंवा शेजाऱ्यावर उपचार करू नयेत. गर्भवती, तान्ही बाळे, मूत्रपिंड आणि यकृताचे रुग्ण यांचे नियम वेगळे असतात आणि ते डॉक्टरनेच ठरवायचे असतात.

वाचकाला एवढीच विनंती आहे. दवाखान्यातून किंवा मेडिकलमधून निघण्याआधी चार प्रश्न विचारा : हे औषध कुठल्या गटातले आणि कशासाठी? ते याच मार्गाने का? पोट रिकामे हवे की भरलेले, आणि कशाबरोबर घ्यायचे नाही? मी आधीपासून घेत असलेल्या औषधांशी ते जुळते का? चौथ्या प्रश्नासाठी घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून बरोबर न्या, आयुर्वेदिक आणि होमिओपॅथीच्याही. उत्तर द्यायला वेळ नाही असे कुणी म्हणाले तर पुन्हा विचारा. तो तुमचा हक्क आहे.